फरिश्ता वाचला आणि झोप उडाली

मला आत्ता कुणीतरी समोर बसवून घ्यावं आणि दोन तास नुसतं बोलू द्यावं, अशी माझी अवस्था झाली आहे. भेटेल त्याला धरून मी एकच गोष्ट सांगत सुटलोय. चहाच्या टपरीवर, माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर, परवा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांना, वाढपी जिलबी घेऊन समोर उभा असताना!

रात्र रात्र जागून सस्पेन्स मालिका बघणारा माणूस मी. सत्तेच्या अगदी वरच्या मजल्यावर झालेला खून, बनावट कागदपत्रं, तिजोरीतलं गुपित, आतल्या गोटातला फितूर आणि दर भागाच्या शेवटी बसणारा धक्का, यांचं मला वेड आहे. आणि आता कळतंय की हे सगळं, याच्या दसपट, आमच्या अहमदनगरात घडलेलं आहे. कल्पनेतलं नाही. खरंखुरं. भुईकोट किल्ल्यात, भिंगारच्या माळावर, फराहबागेत. शिवाय ते लिहून ठेवणारा माणूस प्रत्यक्ष राजाच्या पहाऱ्यावर नेमलेला होता!

एका मित्राने डॉ. भ. ग. कुंटे यांनी मराठीत आणलेला फरिश्ता माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, निजामशाहीचा भाग काढ, बाकीचं नंतर. मी काढला. पहाटे कोंबडा आरवला तेव्हा मी अजून तिथेच होतो.

मुहम्मद कासिम फरिश्ता. जन्म कास्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादचा. वडील गुलाम अली हिंदूशाह पोटापाण्यासाठी हिंदुस्थानात आले आणि नगरच्या दरबारात राजपुत्र मिरान हुसेनला फारसी शिकवायला लागले. म्हणजे फरिश्ता आणि युवराज एकाच उस्तादाचे शागीर्द. पोरगा मोठा झाला आणि मूर्तजा निजामशाहाच्या पहाऱ्याचा सरदार बनला. आता हे दोन धागे लक्षात ठेवा. राजाचा रक्षक, आणि राजपुत्राचा वर्गबंधू.

सन १५८८. मूर्तजा निजामशाह वर्षानुवर्षं महालात कोंडून घेऊन बसलेला. लोक त्याला दिवाणा म्हणायचे. राज्य वजीर चालवायचे. विजापूरचा दरबार त्याच्या मुलाला, मिरान हुसेनला, गादीवर बसवायच्या खटपटीत आहे, असा संशय त्याच्या डोक्यात शिरला. त्याने मुलाला जवळ बोलावलं, मायेने वागवलं, आपल्या शेजारच्या खोलीत झोपायला जागा दिली आणि रात्री त्याच्या अंथरुणाला आग लावून बाहेरून दार लावून घेतलं. बापाने! मुलगा आत ओरडतोय. महालातल्याच माणसांनी त्याला गुपचूप बाहेर काढलं आणि तो दौलताबादला पोचला. इथे मी पुस्तक मिटून उठलो, पाणी प्यायलो, परत आलो.

मुलगा सूड घ्यायला आला. बरोबर मिर्झाखान नावाचा महत्त्वाकांक्षी सरदार. त्याला गाडी कुठे न्यायची आहे ते पहिल्या दिवसापासून पक्कं माहीत होतं. राजाचे पहारेकरी एकेक करून पसार झाले. उरले थोडे नोकरचाकर आणि त्यांच्यात आपला फरिश्ता. मिर्झाखानाची माणसं तलवारी उपसून आत घुसली आणि समोर येईल त्याला कापत सुटली. फरिश्त्याचीही पाळी येणार, तेवढ्यात युवराजाने त्याला ओळखलं. हा माझ्याबरोबर शिकलाय, याला सोडा, असं त्याने सांगितलं. एका वर्गमित्राच्या शब्दावर तो वाचला आणि म्हणून दख्खनचा हा सगळा इतिहास आज आपल्याला वाचायला मिळतो. मी त्या ओळीवर किती वेळ बोट ठेवून बसलो होतो, काय सांगू!

मग मुलगा बापासमोर उभा राहिला. तलवारीचं टोक बापाच्या अंगाला लावून टाकून बोलला. बापाने उसासा टाकला. नंतर राजाला हमामात कोंडलं, दारं-खिडक्या लावल्या, खाली आग पेटवली. प्यायला पाणी नाही. मूर्तजा गुदमरून मेला. मुलाला आगीत जाळायला निघालेला बाप, त्याच मुलाच्या हुकुमाने आगीच्या धगीने मेला. एखाद्या पटकथाकाराने असा शेवट लिहिला असता तर आपण म्हटलं असतं, फारच ठरवून केलेलं वाटतंय.

पण थांबा, हा मधला भाग झाला. गोष्ट सुरू होते शंभर वर्षं मागे, आणि ती सुरुवात तर मला सगळ्यात जास्त आवडली, कारण तिच्यात खुनाचं हत्यार आहे एक शिक्का.

बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान. बीदरचा तो प्रचंड मदरसा बांधणारा. हुशार, चोख, परदेशी. त्याने राज्याचे सुभे चारचे आठ केले, सुभेदारांच्या हातातले किल्ले काढून घेतले, हिशेब मागायला लागला. साहजिकच पुष्कळांच्या पोटात दुखलं. त्यांच्यात होता मलिक हसन. मूळचा पाथरीचा, भैरव कुलकर्ण्याचा मुलगा, लहानपणी कैद होऊन मुसलमान झालेला आणि दरबारात चढत चढत निजामुल्मुल्क झालेला. या मंडळींनी काय करावं? गावानचा शिक्का सांभाळणारा एक हबशी गुलाम होता. त्याच्याशी दोस्ती केली, भेटी दिल्या, दारू पाजली. एका बैठकीत एक घडी केलेला कागद पुढे केला. आमच्या मित्राच्या हिशेबाचा कागद आहे, बाकी शिक्के झालेत, तुझ्या मालकाचाही मार. त्या झिंगलेल्या माणसाने कागद उघडूनही पाहिला नाही. कोऱ्या कागदावर वजिराची मोहोर उठली!

मग त्या कोऱ्या कागदावर मजकूर लिहिला गेला. ओडिशाच्या राजाला पत्र. आमचा सुलतान दारूडा आहे, तुम्ही चढाई करा, राज्य वाटून घेऊ. आणि ते पत्र सापडलं म्हणून सुलतानापुढे सादर झालं, तेही सुलतान प्यायलेला असताना. त्याने गावानला बोलावून विचारलं, असा द्रोह करणाऱ्याला काय शिक्षा? गावान म्हणाला, मृत्यू. पत्र पुढे आलं. मोहोर माझी आहे, पत्र माझं नाही, एवढंच तो म्हणू शकला. ५ एप्रिल १४८१. जौहर नावाच्या गुलामाच्या तलवारीने सत्तरी ओलांडलेल्या वजिराचं डोकं उडालं. पुढे त्याचा खजिना तपासला तर स्वतःसाठी ठेवलेली रक्कम इतकी किरकोळ निघाली की सुलतान पस्तावला. वर्षभरात तोही गेला.

त्या कोऱ्या कागदाच्या प्रसंगापाशी मी पुन्हा पुन्हा जातो. त्यात मारामारी नाही, पाठलाग नाही. एक दिवाणखाना, दारूचे पेले, एक घडी घातलेला कागद आणि शाईत बुडवलेला शिक्का. एवढ्यावर एक साम्राज्य खचलं. कारण गावान गेल्यावर बहमनी राज्य सावरलंच नाही, त्याचे तुकडे पडले. मलिक हसनलाही काळाने सोडलं नाही. काही वर्षांत त्याच्याच भरवशाच्या माणसाने बीदरला त्याचा जीव घेतला. आणि बापाचा खून झाल्यावर जुन्नरकडे स्वतंत्र झालेला त्याचा मुलगा मलिक अहमद, त्याने २८ मे १४९० ला भिंगारजवळ बहमनी फौज झोपेत गाठून बुडवली आणि चार वर्षांनी तिथेच शहर वसवलं. तेच आपलं अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. आपल्या शहराच्या पायाखाली चोरून उठवलेली एक मोहोर आहे, हे वाचल्यावर मी दिल्ली दरवाजातून पूर्वीसारखा जाऊच शकत नाही.

मधल्या पिढ्यांवरून मी भरभर जातो. तालिकोटची लढाई वगैरे शाळेत झालेलं असतं. मी थबकलो ते चंगीझखानापाशी.

हा मूर्तजाचा वजीर. वऱ्हाड जिंकून देणारा. गोवळकोंड्याच्या वकिलाला हे राज्य आणखी वाढलेलं नको होतं. त्याने आधी चंगीझखानालाच लाच देऊ केली. नाकारली. मग त्याने राजाचा लाडका साहिबखान गाठला, त्याचे खिसे भरले आणि राजाच्या कानात विष ओतलं, की तुमचा वजीर वऱ्हाडात स्वतंत्र व्हायला बघतोय. राजाने हकिमाबरोबर विषाचा पेला पाठवला. चंगीझखानाने आपल्या इमानाचं एक पत्र लिहून ठेवलं आणि पेला पिऊन टाकला. राजाला खरं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मूर्तजाने लोकांत येणंच सोडलं, दिवाणा व्हायची सुरुवात ती. परक्या दरबाराचा हेर, लाच खाल्लेला खुशमस्कऱ्या, निष्ठावान माणसाचा बळी आणि अपराधाने खचत गेलेला राजा. यापुढे दुसरी कुठली मालिका बघायची?

आणि सलाबतखान! नगरकरांनो, तुमच्या ओळखीचा आहे हा. पाथर्डी रस्त्याने निघालं की डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते, जिला सगळे चांदबिबी महाल म्हणतात, ती याची कबर. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. सलाबतखान मूर्तजाचा वजीर, फराहबाग पुरा करणारा, दिवाण्या राजाचं राज्य नेटाने चालवणारा. राजाचं मन एका नर्तकीवर बसलं. तिला खजिन्यातले दोन अनमोल हार हवे होते. राज्याची ठेव अशी जाऊ देणं सलाबतखानाच्या जिवावर आलं. त्याने तसेच दिसणारे दुसरे हार पाठवून दिले. चलाखी उघडी पडली. संतापलेल्या राजाने सगळे जडजवाहीर मांडायला लावले, सलाबतखानाने सगळ्यात मौल्यवान चिजा तेवढ्यात दडवल्या, आणि राजाने उरलेला खजिना गालिच्यांसकट पेटवून दिला. पुढे राजाने त्याला कैदेत जायला सांगितलं, तर हा माणूस फक्त म्हणाला, किल्ला सांगा. पाठीशी फौज होती, लोक म्हणत होते बंड कर. त्याने स्वतःच्या पायात बेड्या घालून घेतल्या आणि दंडाराजपुरीकडे निघाला.

आता परत १५८८ कडे. बापाला मारून मिरान हुसेन गादीवर आला आणि दहा महिने टिकला. मिर्झाखान त्याला भ्यायला लागला, त्याने राजालाच किल्ल्यात कैद केलं, लोहगडावर कोंडलेल्या दोन चुलत राजपुत्रांना आणवलं आणि त्यातल्या लहानग्या इस्माईलला गादीवर बसवलं. बातमी बाहेर फुटली. जमालखान नावाचा सरदार दख्खनी आणि हबशी सैनिक घेऊन किल्ल्याच्या दाराशी आला. गावातली गर्दी जमली. आमचा राजा दाखवा! मिर्झाखानाने राजा दाखवला. मुंडकं कापून, काठीला लावून, बुरुजावरून.

त्याला वाटलं, राजाच उरला नाही म्हटल्यावर गर्दी पांगेल. झालं उलटं. दरवाजे जाळले गेले, मिर्झाखान जुन्नरच्या वाटेवर पकडला जाऊन मारला गेला आणि शहरात परदेशी माणसांची कत्तल सुरू झाली. फरिश्ता स्वतः परदेशी. दुसऱ्यांदा वाचला. १५८९ मध्ये तो विजापूरला निघून गेला आणि तिथे इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने त्याने आपला ग्रंथ लिहिला. १८२९ मध्ये जॉन ब्रिग्जने तो इंग्रजीत नेला आणि जगभर वाचला गेला.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. फरिश्ता वाचताना तो कुठे बसून लिहितोय हे विसरू नका. विजापूरच्या दरबारात बसून तो नगरबद्दल लिहितोय. आणि त्याच काळात इकडे नगरच्या दरबारात सय्यद अली तबातबाई हा दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाच्या आश्रयाने बुऱ्हाने मासीर लिहीत होता. दोघांचे मालक वेगळे, दोघांच्या सोयी वेगळ्या. काही प्रसंग एक रंगवतो, दुसरा आवरतं घेतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला लागलो की आपण आपोआप तपास अधिकारी होतो. कोण काय लपवतंय? कुणाच्या फायद्याचं? मला या वाचनाचा जो नाद लागलाय तो यामुळे.

शेवटचा अंक. १५९५. एकाच वेळी निजामशाहीचे चार राजे! वजीर मियाँ मंजूने अहमद नावाचा मुलगा गादीवर बसवला. हबशी सरदारांनी चौकशी केली तर त्याचा वंशच खोटा निघाला. त्यांनी खरा वारस बहादूर मागितला, तो चावंडच्या किल्ल्यात. मिळेना, म्हणून इखलासखानाने नगरच्या बाजारातून एक पोरगा उचलला आणि त्याला राजा म्हणून जाहीर केलं. अभंगखानाने सत्तरीचा एक म्हातारा उभा केला. आणि नगरची राजकन्या चांदबिबी चिमुकल्या बहादूरच्या पाठीशी. मियाँ मंजूला धीर निघेना, त्याने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, मुरादला, मदतीला या म्हणून पत्र धाडलं. लगेच त्याने इखलासखानाला हरवलं आणि आता मुघल नकोत असं त्याला वाटायला लागलं. पण पत्र गेलेलं होतं. मुघल आले. सोबत खानेखानान अब्दुर्रहीम, दोहे लिहिणारा रहीम, आपल्या किल्ल्याच्या खंदकासमोर!

मुघलांनी बुरुजांखाली सुरुंग खणले. पण त्यांच्या छावणीत आपसात धुसफूस होती, आणि रात्री ख्वाजा मुहम्मदखान शिराझी नावाचा माणूस तटाशी आला आणि सुरुंग कुठे आहेत ते आतल्यांना सांगून गेला. नगरकरांनी आतून खणायला सुरुवात केली. दोन सुरुंग निकामी केले, सगळ्यात मोठ्याची दारू उपसत असतानाच बाहेरून बत्ती दिली गेली. तट कोसळला. मोठमोठे सरदार पळायला लागले. आणि बुरखा घेतलेली, हातात नागवी तलवार धरलेली चांदबिबी त्या भगदाडात येऊन उभी राहिली. दिवसभर मुघल आत शिरू शकले नाहीत, आणि रात्रीतून तिने तट पुन्हा उभा केला. वऱ्हाड देऊन तह झाला, शहर वाचलं.

चार वर्षांनी मुघल पुन्हा आले, या वेळी शहजादा दानियाल. १६०० चा जुलै. किल्ला टिकणार नाही हे चांदबिबीने ओळखलं. किल्ला सोडून राजाला जुन्नरला घेऊन जावं, हा तिचा बेत. तो तिने एका खोजाला विश्वासाने सांगितला. त्याचं नाव कुठे हमीदखान, कुठे जीताखान. तो रस्त्यावर धावत सुटला, बेगम फितूर झाली, बेगम किल्ला विकतेय! जमाव महालात शिरला आणि ज्या शहरासाठी ती भगदाडात उभी राहिली होती त्याच शहराच्या माणसांनी तिला मारलं. ऑगस्टमध्ये किल्ला मुघलांच्या हाती गेला. ती जे सांगत होती ते खरं होतं.

या किल्ल्याला गुपितांची सवयच आहे. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेले नेहरू, पटेल, आझाद, शंकरराव देव असे बारा जण इथेच आणून ठेवले आणि ते कुठे आहेत हे सरकारने सुरुवातीला जाहीरही केलं नव्हतं. आज किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. नेत्यांच्या खोल्या बघायला लोक जातात, बघून परत फिरतात. मी परवा मुद्दाम तटाच्या कडेकडेने चालत गेलो. खंदकात झुडपं माजलेली, बुरुजांच्या घडीव दगडांच्या सांध्यात पिंपळ उगवलेले. प्रत्येक बुरुजाखाली थांबून मी वर बघत होतो, ते मुंडकं कोणत्या बुरुजावर लागलं असेल, सुरुंग कुठे फुटला असेल. शेजारून सायकलवर जाणारा एक पोरगा थांबला, काय बघताय म्हणाला. मी त्याला हमामची गोष्ट सांगितली. तो सायकलवरून उतरला. मग चांदबिबीची सांगितली. संध्याकाळ होईपर्यंत तो हलला नाही!

मराठीत नाटक-मालिका लिहिणाऱ्या, पडद्यावर आणणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. परदेशी मालिकांच्या नकला करायची गरज नाही. मोहोरेपासून चांदबिबीपर्यंत पात्रं, प्रसंग, संवाद सगळं तयार आहे, जागाही अजून उभ्या आहेत. आणि तुम्ही, वाचणारे, मालिका येईपर्यंत थांबू नका. कुंट्यांचा फरिश्ता जुन्या वाचनालयांत मिळतो, ग्रंथपालांना विचारा. मिळाला की सरळ निजामशाहीचा भाग काढा, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशाच रात्री सुरू करा.